हादरा नोंदला, ठेवायचा कुठे?

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात जमीन हलली. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने तीव्रता ४.५ नोंदवली. केंद्रबिंदू रामेश्वर तांडा परिसरात असल्याच्या बातम्या आल्या आणि हिंगोलीसह परभणी, नांदेडची माणसं घराबाहेर येऊन उभी राहिली. त्याच वर्षी २१ मार्चला सकाळी जिल्ह्यात दोन धक्के बसले होते. ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ चा आणि ६ वाजून १९ मिनिटांनी ३.६ चा. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाला तर जमिनीतून येणाऱ्या आवाजांची सवयच झाली आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपाची आठवण असलेल्या मराठवाड्यात अशा बातम्या कोणी सहज घेत नाही.

आता शाळेच्या खोलीतही छोटा भूकंपमापक बसवता येतो. तळहाताएवढा रास्पबेरी पाय संगणक, जमिनीची थरथर पकडणारा जिओफोन आणि तिचे आकडे करणारा एक बोर्ड, एवढं पुरतं. ‘रास्पबेरी शेक’ नावाचं असं तयार यंत्र २०१६ साली पनामा देशातून आलं आणि जगभरच्या हौशी निरीक्षकांकडे, शाळांकडे पोचलं. पण यंत्र रात्रंदिवस लिहीत राहतं, आणि ते लिहिलेलं कशावर ठेवायचं हा प्रश्न जिओफोनच्या निवडीइतकाच मोठा ठरतो. त्या प्रश्नाच्या दोन बाजू इथे दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. एक तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडम, दुसरे बाजारात मोबाइल-संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणारे मामा. माणसं कल्पित आहेत, मुद्दे खरे आहेत.

मॅडम : मामा, यादी आणलीय. पाय-४, जिओफोन, त्याचा बोर्ड आणि २४० जीबीची एसएसडी. शाळेला पैसे एकदाच मिळतात. पुन्हा मागायला गेलं की वर्ष जातं. म्हणून साठवणीत काटकसर करायची नाही असं ठरवलंय.

मामा : एसएसडी कशाला घ्यायलात? पाय मेमरी कार्डावर चालतो. ३२ जीबीचं बरं कार्ड घ्या, तसंच दुसरं कपाटात ठेवा. दिवसाला लिहिणार तरी किती?

मॅडम : सेकंदाला १०० वाचनं, एक वाचन चार बाइटचं. सेकंदाचे ४०० बाइट, दिवसाचे साडेचौतीस एमबी. वर्षाला साडेबारा जीबी.

मामा : मग झालं की! लग्नाचा एक व्हिडिओ याच्यापेक्षा मोठा असतो.

मॅडम : आकडा लहान आहे, त्यातच माणूस फसतो. किती लिहिलं याहून कितीदा लिहिलं हे कार्डाला जास्त लागतं. कार्डातल्या फ्लॅश मेमरीत ४०० बाइट सुटे लिहिता येत नाहीत. लिहायचा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे पान, समजा १६ केबीचं. शिवाय लिहिलेलं पान जागच्या जागी बदलता येत नाही, त्यासाठी काही एमबींचा अख्खा ठोकळा पुसावा लागतो. प्रोग्राम दर सेकंदाला ‘आत्ताच लिही’ म्हणत राहिला, तर दिवसाला निदान ८६,४०० पानं खर्ची पडतात. म्हणजे १.४ जीबी. मूळ माहितीच्या चाळीसपट.

मामा : तरी काही फार नाही.

मॅडम : ही झाली हुशार कार्डाची गोष्ट. स्वस्त कार्डात लिहिण्याचा कारभार बघणारा कंट्रोलर दर वेळी चार एमबीचा ठोकळा नव्याने लिहीत बसला असं धरा. सगळ्यात वाईट तेच धरतेय. दिवसाचे ३४५ जीबी होतात. म्हणजे ३२ जीबीचं कार्ड रोज दहा-अकरा वेळा पूर्ण भरून पुसायचं. एका पेशीत तीन बिट ठेवणारी टीएलसी फ्लॅश साधारण हजार ते तीन हजार वेळा पुसणं सोसते. हजारच धरलं, तर तीन महिन्यांत कार्डाचा कारभार आटोपला.

मामा : हिशेब बरोबर आहे, पण दोष कार्डावर टाकू नका. दर सेकंदाला लिहायला सांगितलं कोणी? वाचनं मेमरीत गोळा करा आणि दहा मिनिटांनी एकदा लिहा. दिवसात १४४ वेळा. आता तुमचाच चार एमबीचा वाईट हिशेब लावा. दिवसाला ५७६ एमबी झाले. कार्ड एकदा पूर्ण फिरायला पंचावन्न दिवस, हजारदा फिरायला दीडशे वर्षं. कार्ड तेच, पैसे तेच, बदलली ती फक्त लिहायची सवय.

मॅडम : आणि त्या दहा मिनिटांत लाइट गेली तर?

मामा : दहा मिनिटं गेली. बाकीचं वर्ष शाबूत आहे.

मॅडम : पण गेली ती कोणती दहा मिनिटं? धक्का बसतो तेव्हाच तारा हलतात, ट्रान्सफॉर्मर उडतो. मार्चमधले दोन धक्के अकरा मिनिटांच्या अंतराने होते. म्हणजे पहिला धक्का मेमरीत, लाइट गेली, यंत्र बंद, आणि दुसऱ्या धक्क्याच्या वेळी यंत्र जागंच नाही. वर्षभर शांत जमिनीची नोंद जपायची आणि ज्यासाठी यंत्र मांडलं तेच हातचं घालवायचं, याला मी भरवशाचं म्हणणार नाही.

मामा : हे पटलं. मग यंत्राला बॅटरीचा आधार द्या. तो तसाही लागणारच.

मॅडम : बॅटरी घेऊच. शिवाय भूकंपाच्या नोंदींत वापरातली एक जुनी युक्ती आहे. मागच्या एखाद्या सेकंदाची सरासरी थरथर आणि मागच्या अर्ध्या मिनिटाची सरासरी थरथर, यांचं गुणोत्तर सतत काढत राहायचं. ते ठरलेल्या मर्यादेवर गेलं की हादरा आला असं धरायचं. त्या क्षणी मेमरीतलं सगळं लिहून टाकायचं आणि पुढची काही मिनिटं दर सेकंदाला लिहीत राहायचं. एरवी तुमची दहा मिनिटं.

मामा : शाळेसमोरून उसाचा ट्रॅक्टर गेला तरी लिहील की मग ते.

मॅडम : लिहू द्या. दिवसात पन्नास ट्रॅक्टर गेले तरी दर सेकंदाला लिहिण्याच्या मानाने ते किरकोळ आहे. मर्यादा किती ठेवायची ते मुलं पहिल्या महिन्यात ट्रॅक्टर मोजून ठरवतील.

मामा : बरं, आता माझं ऐका. कार्ड झिजून मेलेलं माझ्या दुकानात कमी येतं, लाइटीनं मेलेलं जास्त येतं. तुम्ही पानं मोजायलात, पण पान कुठे ठेवलं याची नोंदही कार्ड स्वतःच ठेवतं. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून कंट्रोलर माहिती सतत इकडून तिकडे हलवतो आणि आपल्या कोष्टकात लिहितो. तुमचा प्रोग्राम गप्प बसला असेल तेव्हाही त्याची आवराआवर चालू असू शकते. नेमकी तेव्हा लाइट गेली तर शेवटची फाइल जाऊन भागत नाही, कधी सगळं कार्डच ओळखेनासं होतं. तलाठ्याकडची फेरफाराची नोंदवही फाटली तर जमीन जागेवरच असते, कोणाची कुठे ते सांगता येत नाही. तसं आहे ते.

मॅडम : लिनक्सची फाइल व्यवस्था त्यासाठीच आधी नोंद करून मग बदल करते ना?

मामा : ती तिच्या पातळीवर बरोबर वागते. पण तिच्याखाली कार्डाचा स्वतःचा कारभार आहे, तो तिला दिसत नाही. लिनक्स म्हणतं लिहा, कार्ड म्हणतं लिहिलं. खरंच लिहिलं का, ते लाइट गेल्यावर कळतं.

मॅडम : म्हणूनच मी एसएसडी म्हणते. तिचा कंट्रोलर समर्थ असतो, रिकाम्या जागेची माहिती त्याला लिनक्सकडून मिळते, आणि आपली तब्येत ती स्वतः सांगते. किती लिहिलं, किती ठोकळे बाद झाले, हे ‘स्मार्ट’च्या नोंदीत वाचता येतं. बहुतेक कार्डं काहीच सांगत नाहीत, एक दिवस उठत नाहीत एवढंच. आणि २४० जीबीच्या साध्या एसएसडीलाही ८० टीबी लिहिण्यापर्यंतची हमी मिळते. दिवसाला १.४ जीबी धरले तरी तुमच्या त्या दीडशे वर्षांत ती बसते, तेही दर सेकंदाला लिहून!

मामा : झिजण्याच्या बाबतीत एसएसडी जिंकली, मान्य. पण लाइटीच्या बाबतीत ती सोवळी नाही. अचानक वीज गेली तरी हातातलं काम पुरं करता यावं म्हणून मोठ्या सर्व्हरच्या एसएसडीत कपॅसिटर बसवलेले असतात. आपल्या बाजारातल्या साध्या एसएसडीत ते सहसा नसतात. वर तिला वीज जास्त लागते. पाय-४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. त्या पायला स्वतःलाच ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा हवा. लोक लावतात मोबाइलचा जुना चार्जर आणि बारीक वायर. दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पाय कमी दाबाचा इशारा देतो, पण तुमच्या यंत्राला स्क्रीनच नसेल तर तो बघणार कोण? एसएसडी मधेच गायब होते आणि लोक येऊन म्हणतात, एसएसडी खराब निघाली.

मॅडम : म्हणजे चार्जर यादीत वर घालायचा.

मामा : एसएसडीच्याही वर. आणि ती यूएसबीला जोडायची वायर पारखून घ्या. तिच्यात एक चिप असते. काही चिपांचं पायशी जलद पद्धतीने जमत नाही, मग डिस्क अडखळते. अशा वेळी ती पद्धत बंद करून जुन्या, थोड्या हळू पद्धतीने चालवावं लागतं. तुम्हाला वेग नकोच आहे, त्यामुळे नुकसान नाही. पण हे माहीत नसलेला माणूस डिस्क बदलत बसतो.

मॅडम : पाय-५ घेतला तर? त्याला थेट एनव्हीएमई एसएसडी जोडता येते, यूएसबीची वायरच नको.

मामा : येते की. पण त्याला ५ अँपिअरचा पुरवठा हवा, आणि तो तापतो म्हणून पंखा बसवतात.

मॅडम : पंखा नको. जिओफोनशेजारी जे जे फिरेल ते ते नोंदीत उतरेल.

मामा : असं होय? मी तर म्हणणार होतो की माझ्याकडे जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्क पडून आहेत, एक फुकट न्या. त्यांना तुमची पानं आणि ठोकळे ही भानगडच नाही.

मॅडम : ती डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. आपण सेकंदाला १०० वाचनं घेतो, त्यामुळे सेकंदाला ५० पर्यंतचीच कंपनं खरी ओळखू येतात. त्यावरची नीट गाळली गेली नाहीत, तर ९० चं कंपन नोंदीत १० चं म्हणून दिसतं. आणि जवळच्या छोट्या भूकंपाची थरथर नेमकी त्याच पट्ट्यात असते. म्हणजे साठवायला ठेवलेली डिस्कच खोटा भूकंप लिहून ठेवायची!

मामा : मग राहू द्या. कार्ड मुकं असतं हा गुण आज कळला. पण कार्ड घ्यायचं तर कोणतं? पाकिटावर गोलातला दहाचा आकडा असतो, यू-३ असतं, व्ही-३० असतं, ए-१, ए-२ असतं. गिऱ्हाईक म्हणतं, जास्त आकड्याचं द्या, जास्त टिकेल.

मॅडम : ते सगळे वेगाचे शिक्के आहेत. ए-१ म्हणजे सेकंदाला निदान १,५०० सुटी वाचनं आणि ५०० सुटी लेखनं. ए-२ म्हणजे ४,००० आणि २,०००. टिकण्याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

मामा : टिकण्यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेली येतात, गाडीच्या नाहीतर सीसीटीव्हीच्या कॅमेऱ्याला लावायची. त्यांच्यावर इतके हजार तास रेकॉर्डिंग असं दिलेलं असतं.

मॅडम : ते तास व्हिडिओचे. व्हिडिओ सलग, मोठ्या तुकड्यांत लिहिला जातो. आपली लेखनं बारीक आणि सुटी, म्हणून तो तासांचा आकडा जसाच्या तसा आपल्याला लागू नाही. तरी साध्या कार्डापेक्षा ते बरं. आणि लागतात त्यापेक्षा जास्त जीबी घ्यावेत. १२८ जीबीच्या कार्डात तीच झीज चौपट जागेवर पसरते.

मामा : जास्त जीबीचं घेताना अस्सल आहे का ते बघा. वर १२८ लिहिलेलं, आत १६, असा माल फिरतो. संगणकाला ते १२८ च सांगतं. सोळा भरले की पुढचं लिहिलेलं हवेत जातं नाहीतर आधीच्यावर चढतं, आणि काही महिने कोणाला पत्ता लागत नाही. त्यावर उपाय फुकट आहे. एफ-थ्री नाहीतर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू चालवायचं. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि सगळं परत वाचून ताडतं. रात्रभर लागू द्या. बिल फाडायच्या आधी नाही जमलं तरी बिल जपून ठेवून नक्की करा. एसएसडीलाही हेच.

मॅडम : ठीक. मला वाटतं आपण भांडतोय ते कार्ड की एसएसडी यावर, आणि गोंधळ दुसराच आहे. यंत्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे प्रणाली, प्रोग्राम, मांडणी. ती हरवली तर पुन्हा जशीच्या तशी करता येते. दुसरी म्हणजे जमिनीची नोंद. १० जुलैची सकाळ पुन्हा नोंदवता येत नाही. या दोन्हींना एकच साठवण देऊन तिलाच चांगली की वाईट ठरवत बसलो आपण.

मामा : मग दोघींना वेगळी जागा द्या. प्रणाली कार्डावर, आणि ते कार्ड फक्त वाचायचं. पायच्या मांडणीतच तशी सोय आहे. वरचे बदल मेमरीत राहतात, कार्डावर एक अक्षर लिहिलं जात नाही. न लिहिलेल्या कार्डाला लाइटीचं भय जवळजवळ उरत नाही. नोंद तुमच्या एसएसडीवर. पेनड्राइव्ह लावू नका, त्यातला कंट्रोलर बहुतेक वेळा कार्डाहून गरीब असतो.

मॅडम : आणि नोंदीची दुसरी प्रत रोज बाहेर जाईल. साडेचौतीस एमबी मोबाइल डेटावरूनही जातात. एसएसडी कितीही महाग घेतली तरी या प्रतीला पर्याय नाही. खोलीच गळली किंवा चोरी झाली तर दीडशे वर्षांची हमी काय कामाची?

मामा : हादरा बसल्यावर टॉवरही बंद पडेल.

मॅडम : म्हणून पाठवून पोचल्याची खूण मिळेपर्यंत इथली प्रत पुसायची नाही. आणि हो, पाय-४ ला बॅटरीवरचं घड्याळ नसतं. लाइट आली, नेट नाही आलं, तर त्याची वेळ चुकते. वेळ चुकलेली नोंद दुसऱ्या केंद्राच्या नोंदीशी जुळवता येत नाही. हादऱ्याची जागा काढायला निदान तीन केंद्रांच्या वेळा लागतात. म्हणून घड्याळाचा छोटा बोर्ड यादीत घालते.

मामा : यादी वाढली, पण त्यात एक गोष्ट अजून नाही.

मॅडम : कोणती?

मामा : माणूस. तुमची बदली झाली तर? नव्या सरांना पाय म्हणजे काय तेही माहीत नसेल. महाग एसएसडी मेली तर ते पत्र लिहितील, मंजुरी येईल, मग नांदेडहून मागवतील. तोवर यंत्रावर धूळ. म्हणून माझा हट्ट अजून तोच आहे. तयार केलेलं दुसरं कार्ड यंत्राच्या डब्यालाच पाकिटात चिकटवा. आणि मराठीत एक कागद लावा : वायर काढा, हे कार्ड घाला, वायर लावा, हिरवा दिवा लुकलुकला तर ठीक. दहावीच्या पोराला जमलं पाहिजे.

मॅडम : कार्ड जोडीला असेल, पण एसएसडी मी सोडणार नाही. कागद वाचणारं कोणी येईपर्यंत नोंद कुठेतरी सुखरूप असायला हवी. नुसती शिस्त भरवशाची असती तर तुमचं दुकान चाललं नसतं.

मामा : आणि नुसता माल भरवशाचा असता तरी चाललं नसतं! पण बसवायच्या आधी माझी एक परीक्षा. यंत्र चालू असताना भिंतीतला प्लग ओढायचा. पुन्हा लावायचा, पुन्हा ओढायचा. पंचवीस वेळा. बॅटरी न लावता.

मॅडम : यंत्र नुसतं उठलं म्हणून पास करणार नाही. दर वेळी नोंदीत किती सेकंदांचं भगदाड पडलं ते मोजायचं. त्यातल्या दहा वेळा जिओफोनशेजारी पाय आपटून लगेच ओढायचा, म्हणजे हादऱ्याचं लिहिणं खरंच वेळेत होतं का ते कळेल. भगदाड दिसलं की माल बदलायचा का सवय, ते आकडे बघून ठरवू.

मामा : पाय आपटायला पोरं पाठवा. प्लग मी ओढतो.